गव्हाची परीक्षा घेणारा डॉक्टर

एखादे अन्न आपल्याला मानवत नाही असे वाटणे सोपे असते. ते सिद्ध करणे अवघड. पोट बिघडले की माणूस आदल्या दिवशीचे ताट आठवतो आणि त्यातला एखादा पदार्थ दोषी ठरवून मोकळा होतो. कधी दुधावर आळ येतो, कधी वांग्यावर, कधी हरभऱ्याच्या डाळीवर. हा आळ खरा की खोटा हे ठरवणारी विश्वासार्ह तपासणी कशी असावी, याचा वस्तुपाठ विसाव्या शतकाच्या मध्यावर नेदरलँड्समधील एका बालरोगतज्ज्ञाने घालून दिला. त्यांचे नाव विलेम कारेल डिके. कोट्यवधी माणसांचे रोजचे अन्न असलेल्या गव्हाविषयी त्यांना संशय आला. तो संशय कोणालाही पडताळून पाहता येईल अशा पुराव्यापर्यंत नेण्यात त्यांची सुमारे पंधरा वर्षे खर्ची पडली.

डिके यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९०५ रोजी डॉर्ड्रेख्त या नदीकाठच्या जुन्या व्यापारी शहरात झाला. १९२२ ते १९२९ या काळात लायडन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि नंतर हेग येथील युलियाना बालरुग्णालयात बालरोगशास्त्राचे विशेष शिक्षण पूर्ण केले. १९३६ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकपदी त्यांची नियुक्ती झाली. मूल महिनोन्‌महिने खाटेवर असावे, त्याच्या वजनाची नोंद रोज व्हावी आणि त्याच्या पोटात काय जाते यावर डॉक्टरांची नजर राहावी, हे त्या काळच्या अशा रुग्णालयात शक्य होते. डिके यांच्या पुढील कामाचा पाया या दीर्घ निरीक्षणातच आहे.

त्या रुग्णालयात येणाऱ्या काही मुलांचे दुखणे आज ‘सीलिॲक’ या नावाने ओळखले जाते. वरचे अन्न सुरू होईपर्यंत चांगले वाढणारे मूल त्यानंतर हळूहळू खंगू लागे. पोट नगाऱ्यासारखे फुगे, हातपाय काड्यांसारखे होत, भूक मरे, स्वभाव चिडका होई. शौचाला फिकट, फेसाळ, दुर्गंधीयुक्त आणि भरपूर होई. वाढ खुंटे. त्यातली काही मुले वर्षानुवर्षे अशीच काढीत, काही दगावत. कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

या रोगाचे आधुनिक काळातील पहिले नेटके वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये केले होते. रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांचे अनुमान अचूक होते. कोणत्या आहाराने, हे मात्र त्यांना गवसले नाही. त्यांनी तांदूळ आणि साबुदाणा निषिद्ध ठरवला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल असे सांगितले. आज आपल्याला ठाऊक आहे की सल्ला नेमका उलट हवा होता. गी यांनीच एका मुलाची हकीकत नोंदवली आहे. त्या मुलाला रोज मुबलक डच शिंपले खाऊ घातले गेले, तेव्हा त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. शिंपल्यांचा हंगाम सरताच आजार परतला. शिंपल्यांमध्ये औषधी गुण नव्हता. शिंपल्यांनी पोट भरत असल्यामुळे इतर काही पोटात जात नव्हते, हे त्यामागचे कारण असावे.

अमेरिकेत १९२४ मध्ये सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला, तेव्हाही बहुधा असेच घडले. हास यांच्या पथ्यात केळी भरपूर होती. पाव, बिस्किटे, धान्ये आणि बटाटे वर्ज्य होते. मुले सुधारली. पुढची तीन दशके श्रेय केळ्यांना मिळत राहिले. रुग्णाला गुण आला म्हणजे कारण सापडले, अशी समजूत किती सहज होते याचे हे उत्तम उदाहरण आहे. पथ्यात एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या तर गुण नेमका कशाने आला हे सांगता येत नाही. केळ्यांवर वाढलेले मूल पुढे बरे झाले असे समजून घरच्यांनी त्याला पुन्हा पाव दिला की दुखणे उलटण्याची शक्यता कायम राही.

१९३० च्या दशकाच्या आरंभी डिके यांच्या कानावर एका आईचे निरीक्षण आले असे सांगितले जाते. तिच्या आजारी मुलाच्या जेवणातून पाव काढला की त्याला बरे वाटे, आणि पाव दिला की त्रास परते. अशी निरीक्षणे आया सर्वत्र आणि सर्व काळी करीत आल्या आहेत. बहुतेक डॉक्टर ती ऐकून सोडून देतात. डिके यांनी ती कामाचा धागा म्हणून हाती घेतली. १९३४ ते १९३६ या काळात त्यांनी गहू वगळलेल्या आहाराचे प्रयोग सुरू केले. मुलांच्या वजनाचे आणि उंचीचे आलेख ते वर्षानुवर्षे काढीत राहिले. पाव थांबला की आलेखाची रेषा चढू लागे. पाव पुन्हा सुरू झाला की ती वाकत असे. १९४१ मध्ये, नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात असताना, त्यांनी डच भाषेतील वैद्यकीय नियतकालिकात पाव आणि टोस्ट वर्ज्य असलेल्या साध्या आहाराची शिफारस केली. युद्धाच्या धामधुमीत आणि एका छोट्या भाषेत प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाकडे बाहेरच्या जगाचे लक्ष जाणे अवघडच होते.

त्यानंतर आला १९४४-४५ चा हिवाळा. तो डच इतिहासात भुकेचा हिवाळा म्हणून नोंदला गेला आहे. रेल्वे कामगारांच्या संपानंतर जर्मन सत्तेने पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारी अन्नाची वाहतूक रोखली. थंडीने कालवे गोठले. हेग, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम या शहरांत लोक बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले. सुमारे २०,००० माणसे मरण पावली. पाव जवळजवळ नाहीसा झाला. सबंध शहर खंगत असताना सीलिॲकच्या मुलांना मात्र पावाच्या अभावाचा त्रास झाला नाही, उलट त्यातली काही सुधारली; आणि मदतीचा पाव शहरात पोहोचल्यावर त्यांचे दुखणे परतले, अशी हकीकत जगभर सांगितली जाते.

ही हकीकत इतकी वेधक आहे की डिके यांना गव्हाचा शोध दुष्काळाने लावून दिला, असेच अनेक ठिकाणी लिहिले गेले. कालक्रम तसा नाही. संशय दहा वर्षे जुना होता, आहाराची शिफारस तीन वर्षांपूर्वी छापून आली होती. भुकेच्या हिवाळ्याने डिके यांच्या मताला बळकटी दिली, एवढेच म्हणता येईल. दुष्काळात केवळ पाव नाहीसा होत नाही; दूध, लोणी, मांस, सगळेच कमी होते. अनेक गोष्टी एकदम बदलण्याचा जो दोष केळ्यांच्या आहारात होता, तोच या काळातील निरीक्षणातही होता. युद्ध संपल्यावर डिके यांनी त्या हिवाळ्यावर भिस्त ठेवली नाही. ते प्रयोगाकडे वळले.

आलेखातील वजन हा पुरावा चांगला असला तरी संथ असतो. मुलाचे वजन सर्दीने घटते, दात येताना घटते, घरची आठवण येऊन जेवणावरची वासना गेली तरी घटते. गव्हाचा परिणाम इतर सर्व कारणांपासून वेगळा काढायचा तर अशी खूण हवी होती जी त्या आजाराशी थेट जोडलेली आहे, थोड्या दिवसांत बदलते आणि आकड्यात मोजता येते. ती खूण मुलांच्या शौचात होती. या रोगात लहान आतडे स्निग्धांश शोषून घेऊ शकत नाही. खाल्लेल्या दुधा-लोण्यातील चरबीचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. किती चरबी पोटात गेली आणि किती बाहेर आली हे अचूक कळले, तर आतडे किती काम करीत आहे हेही कळेल.

अडचण मोजण्याची होती. मल वाळवून त्यातील चरबी काढण्याच्या जुन्या पद्धती वेळखाऊ होत्या आणि त्यांतील आकडे पुरेसे भरवशाचे नसत. उट्रेख्त येथील पोषणसंशोधन संस्थेतील रसायनतज्ज्ञ फान दे कामर यांनी ही अडचण सोडवली. मल न वाळवता, ओल्या नमुन्यातच अल्कली आणि मद्यार्क घालून चरबीचे साबणात रूपांतर करायचे. मग आम्ल घालून मेदाम्ले मोकळी करायची, ती विद्रावकात उतरवून घ्यायची आणि टिपनलिकेतून थेंबाथेंबाने अल्कली सोडून त्यांचे प्रमाण ठरवायचे, अशी ती रीत होती. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरली. उट्रेख्तच्या विल्हेल्मिना बालरुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ वेयर्स हे या कामातील तिसरे सहकारी. आहाराचा विचार, रुग्णांची काळजी आणि रसायनशास्त्र अशी तिघांची सांगड जमली.

प्रयोगाची रचना साधी होती. तिचे बळ त्या साधेपणातच होते. मुलाला ठरलेला, तोलून दिलेला आहार द्यायचा. त्यात गव्हाऐवजी तांदूळ, मक्याचा स्टार्च किंवा उकडलेले बटाटे ठेवायचे. खाल्लेले मोजायचे, बाहेर पडलेले मोजायचे. भूक परतली, शौच आवरले, चरबी शोषली जाऊ लागली की मग बाकी काहीही न बदलता गहू पुन्हा द्यायचा आणि मोजणे चालू ठेवायचे. गहू दिल्यावर चरबी पुन्हा वाहून जाऊ लागली, भूक मेली, वजन थांबले. गहू काढला, सुधारणा झाली. राय या धान्यानेही तेच झाले. तांदूळ, मका आणि बटाटा यांनी झाले नाही. काढणे, परत देणे आणि दोन्ही वेळा मोजणे या तीन पायऱ्यांमधील एकही गाळता येत नव्हती.

या दुसऱ्या पायरीचे मोल डोळ्याआड करता येत नाही. सुधारत असलेल्या मुलाला, ज्याने त्रास होईल असा दाट संशय आहे तेच अन्न पुन्हा देणे, म्हणजे त्याला काही दिवसांसाठी आजाराकडे परत नेणे होते. मग ते केलेच का? त्याविना पर्याय काय होता, हे गी आणि हास यांच्या हकीकतींवरून दिसते. पुराव्याअभावी लंडनमध्ये मुलांना भाजलेला पाव मिळत राहिला आणि न्यूयॉर्कमध्ये केळी. डिके यांच्या प्रयोगात होणारे नुकसान भरून येणारे होते आणि मुले डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. अज्ञानामुळे होणाऱ्या नुकसानीला अशी कोणतीही मर्यादा नव्हती. आज अशा चाचण्यांसाठी पालकांची लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी लागते. ती बंधने त्या काळी आजच्या रूपात नव्हती, आणि आजच्या वाचकाने तो फरक ध्यानात ठेवणे योग्य ठरेल.

१९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्त विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. सीलिॲक रुग्णांवर काही धान्यांचा होणारा अपायकारक परिणाम हा त्याचा विषय होता. तोही डच भाषेतच होता. परंतु या वेळी त्यात मतापेक्षा आकडे अधिक होते आणि आकड्यांना भाषेची अडचण कमी पडते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी आपल्या रुग्णांवर हा दावा पडताळून पाहिला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो खरा असल्याचे प्रसिद्ध केले. गव्हातील स्टार्च निरुपद्रवी असून दोष ग्लुटेन या प्रथिनात आहे, असे त्यांनी दाखवले. कणीक भिजवल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो याच ग्लुटेनमुळे. १९५३ मध्ये डिके, वेयर्स आणि फान दे कामर यांचे निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ग्लुटेनमधील मद्यार्कात विरघळणारा भाग, म्हणजे ग्लायडिन, हाच अपाय करतो, हेही उट्रेख्तच्या चमूने दाखवून दिले.

पद्धत पक्की असली म्हणजे तिचे प्रत्येक उत्तर अखेरचे ठरते असे नाही. ओट हे धान्यही या चमूने अपायकारक मानले होते. पुढे अनेक दशकांनी झालेल्या चाचण्यांत, गव्हाची भेसळ नसलेले शुद्ध ओट बहुतेक रुग्णांना सोसते असे आढळले. हे उत्तरही काढणे, देणे आणि मोजणे याच मार्गाने मिळाले. गहू, राय आणि सातू यांवरील बंदी मात्र कायम राहिली.

१९५७ मध्ये डिके उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. डच जठरांत्ररोग संघटनेने त्यांच्या नावाने सुवर्णपदक सुरू केले, आणि त्याचे पहिले मानकरी खुद्द डिकेच होते. त्याच काळात सीलिॲकच्या निदानाला दुसरे साधन लाभले. तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या अस्तराचा कण काढणे शक्य झाले, आणि त्या अस्तरावरील मखमलीसारखे अंकुर या रोगात झिजून सपाट होतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ग्लुटेन बंद केले की हे अंकुर पुन्हा उगवतात. चरबी का वाहून जाते याचे कारण असे डोळ्यांना दिसले. २७ एप्रिल १९६२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, उट्रेख्त येथे डिके यांचे निधन झाले. रक्ताच्या एका चाचणीवरून सीलिॲकचा अंदाज बांधता येण्याचा काळ त्यांना पाहता आला नाही.

तो काळ आता आला आहे. शरीर स्वतःच्याच ‘ट्रान्सग्लुटामिनेज’ या घटकाविरुद्ध तयार करीत असलेली प्रतिपिंडे रक्तात मोजली जातात आणि आवश्यक तेथे दुर्बिणीने आतड्याचा कण काढून निदान पक्के केले जाते. मात्र तपासणीच्या वेळी रुग्ण गहू खात असला पाहिजे, ही अट डिके यांच्या प्रयोगाइतकीच आजही लागू आहे. आधीच पोळी बंद करून बसलेल्या माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात, आतडे भरून येते आणि तपासणी खोटा दिलासा देते.

ही गोष्ट माळव्यात, ग्वाल्हेरच्या परिसरात आणि वडोदऱ्यात विशेष महत्त्वाची आहे, कारण तेथील मराठी घरांतही रोजचे मुख्य अन्न गहू आहे. उत्तर भारतातील पाहणीत शंभरामागे साधारण एकाला हा विकार आढळला आहे; तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. न वाढणारे मूल, औषधाला दाद न देणारी रक्तक्षीणता, रेंगाळणारे जुलाब यांमागे तो दडलेला असू शकतो. निदान झाल्यावर पथ्य जन्मभराचे असते. सुदैवाने बेळगावची ज्वारीची भाकरी, कोकण-गोव्याचा भात, नाचणी आणि बाजरी यांत ग्लुटेन नाही. दळताना किंवा साठवताना गहू मिसळणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

अन्न न मानवण्याची इतर कारणे वेगळी आहेत आणि त्यांच्या तपासण्याही वेगळ्या. शेंगदाणे, मासे किंवा अंडे यांची ॲलर्जी असेल तर त्वचेवर टोचून किंवा रक्तातील ‘आयजीई’ मोजून अंदाज घेतात. तो निव्वळ अंदाज असतो, आणि शंका उरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोच पदार्थ अल्प प्रमाणात देऊन पाहतात. दूध पचत नसेल तर दुधातील साखर पाजून श्वासातील हायड्रोजन मोजतात. बाजारात मात्र रक्तातील ‘आयजीजी’ पाहून शंभर-दोनशे पदार्थांची निषिद्ध यादी हाती देणाऱ्या चाचण्या मिळतात, केसांवरून निदान करणारेही भेटतात. खाल्लेल्या अन्नाविरुद्ध ‘आयजीजी’ तयार होणे ही निरोगी शरीरातही घडणारी गोष्ट आहे. म्हणून ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही चाचणी अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी वापरू नये असे सांगितले आहे. अशा यादीपायी वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, अंडी, डाळ, गहू सारे एकदम बंद झाले की ते मूल आजाराने नव्हे, पथ्यानेच खंगते.

अशी यादी पुढे आली तर डिके यांच्या प्रयोगातून निघणारे प्रश्न विचारून पाहावेत. हे अन्न एकटे काढल्यावर काय बदलले? ते परत दिल्यावर काय झाले? आणि तो बदल कोणी, कशाने मोजला? ही तपासणी घरच्या घरी करू नये. ॲलर्जीचा धोका असलेल्यांनी तर मुळीच नाही. डॉक्टरांकडे जाईपर्यंत नेहमीचे जेवण चालू ठेवावे, खाल्ले-प्यायलेले आणि झालेला त्रास तारखेनिशी लिहून ठेवावा आणि ती वही सोबत न्यावी. पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास लागला असेल, तर मात्र तो पदार्थ लगेच थांबवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.